हिरकणी, हजरत उमर आणि आठ आणे रोज

मी मानोऱ्यात राहते आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. या मुलांच्या घरात मराठी कमी, बाजारात आणि एसटीत मात्र भरपूर. म्हणून मी व्याकरणापेक्षा गोष्टींवर जास्त विसंबते. मागच्या वर्षी हिरकणीची गोष्ट सांगितली. गवळण रायगडावर दूध घालायला जाते, कोजागिरीचा दिवस, उशीर होतो, गडाचे दरवाजे बंद होतात, घरी तान्हे बाळ असते, आणि ती अंधारात कडा उतरून जाते. महाराज तिचा सन्मान करतात आणि तिथे बुरूज बांधतात. गोष्ट संपली की मी नेहमीप्रमाणे विचारले, काय शिकलात? आई किती शूर असते, हे उत्तर ठरलेले. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, लेकिन पहरेवाले ने दरवाजा क्यूँ नहीं खोला?"

मी म्हटले, नियम होता. ती गप्प बसली. मला मात्र तो प्रश्न घरी येईपर्यंत सुटला नाही.

हिरकणीची गोष्ट ही लोककथा आहे, दफ्तरातली नोंद नव्हे. पण रायगडावर हिरकणी बुरूज आहे, गडाच्या परिसरात हिरकणीवाडी आहे, आणि महाराष्ट्रात अशी आई क्वचितच सापडेल जिला ही गोष्ट ठाऊक नाही. आपण सांगताना तिचे धाडस सांगतो. ती कामावर गेली होती, हे मात्र पटकन विसरतो. ती दुसऱ्यांच्या घरच्या कोजागिरीसाठी दूध घेऊन गेली होती आणि तिच्या स्वतःच्या अंगातले दूध घरी भुकेने रडणाऱ्या बाळाच्या वाट्याला येत नव्हते, कारण मध्ये एक दरवाजा होता. महाराजांनी जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. किल्ल्याच्या संरक्षणासाठी ते बरोबरच होते. पण जरा थांबून विचार करा. ती वाटही त्यामुळे बंद झाली. दरवाजाच्या वेळेचे पुढे काय झाले, ते गोष्ट सांगत नाही.

हा प्रश्न माझ्या मनात रुतला, त्याला माझेही एक कारण आहे.

२००७ मध्ये माझी पहिली मुलगी झाली. बीएड करून मी एका विनाअनुदानित शाळेत लागले होते. शाळेचे नाव सांगत नाही, त्याने काही साधणारही नाही. पगार हातावर, रजा तोंडी. मुलगी दोन महिने दहा दिवसांची असताना निरोप आला की आता या, नाहीतर दुसरी बाई बघू. मी गेले. सकाळी काळी-पिवळीत बसायचे, संध्याकाळी परत. तिसऱ्या तासाला छाती दगडासारखी व्हायची. कुठल्या वर्गात एखादे मूल रडले तरी कुर्ता ओला. बुरख्याने पुष्कळ झाकले जाते, हे त्या दिवसांत मला फार उपयोगी पडले. मधल्या सुटीत मी संडासात जाऊन हाताने दूध काढायचे आणि पाणी ओतून द्यायचे. मग तेही सोडले, कारण रांगेत मुली उभ्या असायच्या. तीन महिन्यांत दूध आटले. सासूबाई म्हणाल्या, "हमारे खानदान में तो किसी का नहीं सूखा." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या खानदानात कुणी पाच तास घराबाहेर राहिलेच नव्हते.

दूध का आटते, हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही. दुसऱ्या वेळी एका सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितले, तेही आमच्या भागातल्या भाषेत: "मॅडम, हा माठ नाही, झिरा आहे. उपसाल तर लागेल, नाही उपसाल तर बुजेल." शास्त्र हेच सांगते. बाळ ओढते तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटते आणि दूध तयार होते. ऑक्सिटोसिन सुटते आणि तयार दूध बाहेर येते. दूध साचून राहिले की शरीर समजते, मागणी नाही, आणि हात आखडता घेते. पहिले पाच-सहा आठवडे हा हिशोब बसण्याचे असतात. त्याच काळात किंवा लगेच नंतर बाईला आठ-दहा तास तोडले, तर दूध कमी होणारच. चिंता, घाई, लाज यांनी दूध उतरणे अडते. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असते, म्हणून कामावर जाणाऱ्या बाईने रात्रीचे पाजणे सोडू नये. निघण्याआधी एकदा, आल्याबरोबर एकदा, आणि मधे दर तीन तासांनी हात धुऊन स्वच्छ भांड्यात काढावे. काढलेले दूध थंड खोलीत चार तास टिकते. आमच्या वैशाख-जेठाच्या उन्हात तो भरवसा धरू नये, बर्फाच्या डब्यात ठेवावे. घरच्यांनी ते वाटी-चमच्याने पाजावे. यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ती जागा आणि वीस मिनिटे.

ही जागा आणि ही वीस मिनिटे कुणी द्यायची, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. मला तो तीन ठिकाणी भेटला.

पहिले ठिकाण मदीना. दिव्य कुरआनात सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. निकाहच्या, तलाकच्या चर्चांत ती आयत येतेच. पण त्याच आयतीत लगेच पुढे बापाची जबाबदारी आहे: पाजणाऱ्या आईचे अन्न-वस्त्र त्याने रीतसर द्यायचे, बाप नसेल तर वारसाने. दूध लवकर तोडायचे तर दोघांच्या संमतीने आणि सल्ल्याने. म्हणजे आईवर टाकून मोकळे व्हायचे, असा तो हुकूम नाही. आमच्याकडे आयतीचा पहिला भाग सुनेला ऐकवतात, दुसरा कुणी मुलाला ऐकवत नाही.

आता हजरत उमर (रजि.) यांची रिवायत. इब्ने साद यांच्या 'तबकात'मध्ये ती आहे. खलिफा उमर यांचा काळ इसवी सन ६३४ ते ६४४. सरकारी खजिन्यातून मुलांना वजीफा सुरू झाला होता, पण अट अशी की मूल दूध सुटलेले असावे. मदीनेबाहेर एक काफिला उतरला होता. हजरत उमर रात्री पहाऱ्यावर होते. एक बाळ सारखे रडत होते. त्यांनी दोनदा जाऊन आईला सांगितले, बाळाकडे बघ. तिसऱ्यांदा ती चिडली. समोर कोण आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, मी याचे दूध तोडते आहे आणि हा ऐकत नाही. का तोडतेस? कारण उमर दूध पिणाऱ्या मुलाला वजीफा देत नाही. मूल अवघे काही महिन्यांचे होते. सांगतात की त्या दिवशीच्या फजरच्या नमाजीत रडण्यामुळे त्यांची किरात लोकांना नीट कळत नव्हती. मग मुनादी झाली, मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, जन्मलेल्या प्रत्येक मुलाला वजीफा मिळेल.

खलिफाच्या नम्रतेची गोष्ट म्हणून ही खुतब्यात अनेकदा येते. मला तिच्यात दुसरेच दिसते. ती आई निष्ठुर नव्हती. सरकारी अटीचा हिशोब तिला बरोबर कळला होता आणि त्या हिशोबाने ती बाळाचे दूध तोडत होती. हजरत उमर यांनी तिला ममतेवर प्रवचन दिले नाही. अट बदलली.

दुसरे ठिकाण मुंबई. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे प्रसूती संरक्षणाचा करार झाला आणि त्यात दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास ठरला. हिंदुस्थानने तो करार स्वीकारला नाही, मात्र चौकशी करण्याचे कबूल केले. त्यातून मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरला गिरणी कामगार बायकांची पाहणी करायला नेमले. गिरणगावात वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायका होत्या. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने कामाचे तास कमी केले, तेही दिवसाला ११ पर्यंत. या बायकांच्या तान्ह्यांना सर्रास अफू दिली जाते, हे त्या पाहणीत पुढे आले. 'बाळगोळी' नावाने ती मिळायची. बाळ दिवसभर झोपून राहायचे.

हे वाचताना आपण चटकन 'अडाणी बायका' म्हणतो. त्या दिवसाचा हिशोब मांडून बघा. चाळीत एक खोली, शेजारची म्हातारी पाच बाळे सांभाळते, आई दहा तास गिरणीत. रडणाऱ्या पाच बाळांना ती काय पाजणार? गोळी दिली की बाळ मागत नाही. मागत नाही म्हणून संध्याकाळीही नीट ओढत नाही. ओढत नाही म्हणून आईचे दूध आणखी आटते. मग गाईचे पाणी घातलेले दूध, मग हगवण. गोळी आणि आटलेले दूध ही एकाच साखळीची दोन टोके होती.

१९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात रा. स. असवले यांचे प्रसूती लाभ विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मंडळाचे नियुक्त सभासद होते आणि जुलैमध्ये ते या विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: प्रसूतीआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खरे तर हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते पुरुषापेक्षा तिच्यापासून जास्त फायदा होतो म्हणून, तेव्हा काही भार त्याच्यावरही न्यायाने येतो. दया, माया हे शब्द बाजूला ठेवून त्यांनी हिशोब मांडला, हे मला फार आवडते. १९२९ मध्ये कायदा झाला. एकूण ७ आठवडे, रोजचे ८ आणे, बाळंतपणानंतर ४ आठवडे कामावर घ्यायला बंदी. आधी ६ महिने नोकरी झालेली असावी, ही अट होती. पुढे ती ९ महिने झाली. कायद्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घसरत गेले. कारणे अनेक होती, रात्रपाळीची बंदी होती, नवी यंत्रे होती. पण बाई महाग पडते, हेही मालकांच्या तोंडी होतेच. आजही शाळांच्या मुलाखतीत 'लग्न झाले का, मूल कधी' हे विचारतात, ते उगीच नाही.

आणि चार आठवड्यांनी काय? चार आठवड्यांनी दूध नुकते कुठे रुळते.

तिसरे ठिकाण आपला वऱ्हाड. मानोरा तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा १९९८ मध्ये झाला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा आणि कारभार मध्यप्रांताचा. मुंबईच्या पाठोपाठ १९३० मध्ये मध्यप्रांतातही प्रसूती लाभाचा कायदा आला. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या मोठ्या गिरणीत पाळणाघरही होते. पण आमच्याकडे गिरणी कुठे? आमच्याकडे होते जीन. शकुंतला रेल्वेच्या कडेने, कारंज्यासारख्या बाजारांत, दिवाळीनंतर जीन सुरू व्हायचे आणि उन्हाळ्यापर्यंत बंद पडायचे. हंगाम चार-पाच महिन्यांचा. आता ती नऊ महिन्यांच्या नोकरीची अट आठवा. जिथे जिथे अशी अट, तिथे हंगामी बाई कायद्याच्या दारातच अडकली. तिचे नाव घेऊन कुणी तिला वगळले नाही. फक्त अशी मुदत घातली, जी तिच्या कामाला कधीच पूर्ण करता येणार नव्हती.

माझी नानी कारंज्याची. तिची आई जिनात सरकी-रुईच्या कामाला जायची. नानी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. दुपारच्या भोंग्याला धाकट्या भावाला कडेवर घेऊन फाटकापाशी जायचे, हे तिचे काम. आई बाहेर यायची, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, पदराने तोंड-छाती पुसायची आणि भिंतीला टेकून पाजायची. नानी म्हणायची, "अब्बास जमादार हो तो छोड़ता, दूसरा हो तो नहीं छोड़ता." आम्ही लहानपणी या वाक्याला हसायचो, कारण तो जमादार तिच्या प्रत्येक गोष्टीत असायचा. ज्या दिवशी दुसरा असायचा, त्या दिवशी नानी भावाला घेऊन तशीच परत यायची आणि रस्त्यात त्याला गूळपाणी बोटाने चाटवायची. अफूबद्दल विचारले तर ती विषय बदलायची. तो भाऊ जगला नाही.

व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात २५० बायका असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची शिफारस केली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात हा आकडा ५० पेक्षा जास्त बायका असा आला, १९७६ मध्ये ३० झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी खाणीतल्या बायकांचा प्रसूती लाभ वाढवला. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा देशभर आला आणि त्यात स्पष्ट लिहिले गेले की मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामावर परतलेल्या आईला पाजण्यासाठी रोज दोन सुट्या मिळतील. केंद्राच्या नियमांत ही सुटी १५ मिनिटांची, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. सुरुवातीला कामाची अट १६० दिवस होती, १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० वर आली. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, दिवसातून चारदा बाळाकडे जाण्याची मुभा. कायदा म्हणून हे उत्तम आहे. मी ज्या शाळेत होते, तिथे यातले एक अक्षर कुणाला माहीत नव्हते, मलाही नाही. बीएडच्या अभ्यासक्रमात बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता.

महाराष्ट्राने हिरकणीचे नाव योग्य जागी दिले, हे मानावे लागेल. बसस्थानकांत, कार्यालयांत हिरकणी कक्ष झाले. कुठे पडदा, पंखा, खुर्ची असते; कुठे दाराला कुलूप आणि चावी साहेबांकडे. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. फोटो सगळ्या देशात गेले. तिथे हिरकणी कक्षही उघडला. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्याच आमदार विधान भवनातल्या कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत, म्हणून कॅमेऱ्यासमोर रडल्या. कुणी म्हणाले, राजकारण. असेल. पण ज्या इमारतीत कायदे होतात, तिथे एका आमदाराला खोली झाडून मिळत नसेल, तर मानोऱ्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईने कुणाकडे बघायचे?

तिला मजुरी किलोवर मिळते. पाजायला बसली की तितके बोंड दुसरी वेचते. तिच्यासाठी ना २६ आठवडे, ना दोन सुट्या. धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी, झोळीला दोरी, दोरी मोठ्या पोरीच्या हातात. रोजगार हमीच्या कामावर तरी २००५ च्या केंद्रीय कायद्यात तरतूद होती: सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला मजुरी द्यायची. हे कागदावर वाचले तेव्हा मला हजरत मूसा (अ.) यांच्या आईची आठवण झाली. नदीत सोडलेले मूल तिला परत मिळाले ते फिरऔनच्या घरची दाई म्हणून, आणि स्वतःचेच मूल पाजायचे तिला वेतन मिळाले. मजूर बाईचे असे दैव कुठले. पण मुले सांभाळणे हे काम आहे आणि त्याला रोज पडतो, एवढे तरी सरकारी कागदाने मान्य केले.

माझे दुसरे मूल अकरा महिने माझ्या दुधावर राहिले. तेव्हा मी दुसऱ्या शाळेत होते. सिस्टरने सांगितलेले सगळे केले, पण खरा फरक एका वयस्क सहशिक्षिकेने पाडला. त्या मराठीच्या, आडनावावरून सांगायचे तर बंजारा समाजातल्या, पोहरादेवीकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "कितव्या तासाला भरून येते?" मी म्हटले, तिसऱ्या. त्या म्हणाल्या, "तिसरा तास मी घेते. नकाशांच्या खोलीला आतून कडी आहे." वेळापत्रक त्यांनी स्वतः हेडमास्तरांकडून बदलून आणले. कारण काय लिहिले, ते मी कधी विचारले नाही.

त्या आता निवृत्त झाल्या. यंदा आमच्याकडे एक नवी मुलगी लागली आहे, विज्ञानाची, बाळ चार महिन्यांचे. परवा ती तिसऱ्या तासानंतर ओढणी घट्ट करून स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसली होती. मी तिला नकाशांच्या खोलीची किल्ली दिली आणि कडी जरा सैल झाली आहे, खुर्ची लावून घे, असे सांगितले. शिपायाला नवी कडी आणायला पैसे दिले आहेत. पावती माझ्या नावाची आहे.